सायाळ काटे फेकत नाही आणि ते फुलपाखरू नव्हतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी किनवट तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. तुमचा पेपर आमच्या शाळेत रोज येतो, एसटीनं येतो त्यामुळं पोचायला दुपार होते पण येतो, आणि आधी पोरं वाचतात मग माझ्या हाती पडतो. गेल्या पंधरवड्यात जिल्ह्याच्या पानावर दोन बातम्या एकाखाली एक आल्या होत्या. वरची होती, सायाळीने काटे फेकून कुत्र्याला जखमी केले. खालची फोटोसहित, दुर्मिळ महाकाय फुलपाखरू आढळले, बघ्यांची गर्दी. साहेब, दोन्ही चुकीच्या आहेत. सायाळ काटे फेकत नाही आणि तुमच्या फोटोत होतं ते फुलपाखरू नव्हतं, तो टसरचा पतंग होता, ज्याच्या कोषापासून टसर रेशीम काढतात तो, आणि आमच्याकडं तो दुर्मिळ पण नाही, मृग लागला की जंगलाकडेच्या गावात लाईटीवर येतोच येतो.

तुम्ही म्हणाल एवढ्या तेवढ्या चुकीसाठी कशाला पत्र. पण आमच्या भागात पेपरात छापून आलं म्हणजे ते खरं, लोक कात्रणाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपला टाकतात, स्टेटसला ठेवतात, आणि मग त्याच्यावरून वागतात. तुमच्या बातमीनंतर चारच दिवसांनी शेजारच्या एका गावात काही लोकांनी नाल्याच्या काठावरचं सायाळीचं बीळ धोंड्यांनी बुजवलं आणि दुसऱ्या तोंडाशी मिरच्यांची धुरी लावली. कारण काय तर लेकरं तिकडं शेळ्या चारायला जातात, लांबून काटा फेकला आणि डोळ्यात लागला तर. त्या लोकांवर माझा राग नाही, आपल्या लेकराच्या डोळ्याची भीती कुणालाही वाटणारच. पण ती भीती त्यांना तुमच्या पानावरून मिळाली, म्हणून लिहितेय.

आमच्या वर्गात पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, येणारी एक मुलगी आहे, सातवीत, वर्गात फार बोलत नाही. तिचा आजोबा जाऊन ते धोंडे काढून आला. नुसते काढले नाहीत तर बिळाच्या तोंडाशी चुलीतली राख पसरून आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर राखेवर पावलं उमटलेली, मोठी, आणि त्याच्या बाजूला अगदी बारकी. ती मुलगी हे वर्गात सांगताना उभी राहून हातानं माप दाखवत होती. त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला, फळ्यावर मधोमध रेघ मारली, एकीकडं सायाळ लिहिलं एकीकडं पतंग, आणि म्हटलं सांगा साम्य काय फरक काय. पोरं आधी हसली, बाई एक जनावर आणि एक पाखरू, ह्याच्यात साम्य काय असणार, दोघं रात्री फिरतात एवढंच. पण तास संपेस्तोवर फळा भरला आणि मलाच कितीतरी गोष्टी नव्यानं दिसल्या, त्यातल्या काही खाली लिहिते, जमलं तर छापा.

आधी काट्याचं सांगते. सायाळ ही उंदीर, खार ह्यांच्या नात्यातली, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातली. आपल्या देशात ह्या गणातलं हिच्यापेक्षा मोठं जनावर नाही, दहा-पंधरा किलो वजन सहज भरतं. तिचा काटा म्हणजे तिचा केसच आहे, जाड आणि कडक झालेला, आपली नखं ज्या पदार्थाची असतात त्याच केराटिनचा. कुत्रं किंवा बिबट्या आडवा आला तर ती लगेच काही करत नाही. आधी थांबते. काटे उभारते म्हणजे आहे त्याच्या दुप्पट दिसते, मागचे पाय जमिनीवर आपटते, शेपटी हलवते. शेपटीच्या टोकाचे काटे पोकळ असतात, ते एकमेकांवर आपटून खुळखुळ्यासारखे वाजतात. एवढं सगळं सांगून झाल्यावरही समोरचा हटला नाही तर मग पाठ फिरवते आणि मागच्या मागं जोरात धावून येते. काटे कातडीत सैल बसलेले असतात, समोरच्याच्या अंगात घुसले की तिथंच राहतात आणि सायाळ निघून जाते. बघणाऱ्याला काय दिसतं, अंधार, धडपड, कुत्र्याचं केकाटणं आणि तोंडात चार काटे. त्याला वाटतं फेकले. पण काटा फेकायला लागणारं काही तिच्या अंगात नाहीच. म्हणजे लांब उभ्या असलेल्या लेकराला तिच्यापासून काहीएक धोका नाही, ती तर माणसाची चाहूल लागली की आधी पळते.

आता पतंगाकडं या. आमच्या गावाकडं एक समज पक्का आहे की पतंगाच्या पंखाची पावडर डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो, त्यामुळं भिंतीवर पतंग दिसला की बाया आधी खराटा घेतात. ती पावडर मी पोरांना शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. व्हरांड्यात मेलेला एक पतंग सापडला होता, त्याच्या पंखावर चिकटपट्टी हलकीच लावून काढली आणि काचेवर ठेवली. एकेक कण म्हणजे बारका चपटा खवला, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला कातरल्यासारखा, आणि पंखावर ते कसे बसवलेले असतात तर आपल्या घरावरच्या कौलांसारखे, एकावर एक, ओळीनं. आणि साहेब, हा खवला म्हणजे सुद्धा मुळात केसच. कीटकांच्या अंगावर जी लव असते तीच चपटी होऊन खवला बनली. पदार्थ वेगळा, सायाळीचा केराटिन आणि ह्याचा कायटिन, दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले, पण दोघांनी स्वतःला वाचवायला जे बनवलं ते केसापासूनच.

आणि वापरतात पण एकाच पद्धतीनं. पतंग कोळ्याच्या जाळ्यात अडकला की त्याचे खवले जाळ्याच्या चिकट धाग्याला चिकटून राहतात आणि तो मोकळा होऊन निसटतो. सायाळ कुत्र्याच्या जबड्यात काटे सोडून जाते, पतंग जाळ्यात खवले सोडून जातो. हे फळ्यावर साम्य खाली लिहिलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता. मग एका मुलानं विचारलं, बाई मग पुन्हा येतात का? चांगला प्रश्न होता. सायाळीचा काटा पुन्हा उगवतो, आपल्या केसासारखाच. पतंगाचा खवला मात्र एकदा गेला की गेला, तेवढी जागा उघडी पडते ती कायमची. त्याला भरून काढायला वेळच कुठं असतो, पंख फुटल्यापासून आठवडाभर त्याचं आयुष्य. सायाळ जपली तर पंधरा-वीस वर्षं जगते.

आवाजाच्या बाबतीत मात्र दोघं एकदम उलटे. सायाळ वाजवून सांगते की मी आहे, जवळ येऊ नको. टसरच्या कुळातल्या पतंगाला कानच नाहीत, वटवाघूळ येतंय हे त्याला ऐकूच येत नाही. मग तो वाचतो कसा, तर त्याच्या अंगावरची दाट लव आणि पंखावरचे खवले वटवाघळानं सोडलेला बारीक आवाज बराचसा गिळून टाकतात, परत कमी जातो, म्हणजे वटवाघळाला तो अस्पष्ट दिसतो म्हणा. एकजण केसांनी आवाज करतो आणि एकजण केसांनीच आवाज मुरवतो.

तोंडाचं तर विचारूच नका. सायाळीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, नारिंगी रंगाचे असतात कारण वरच्या थरात लोह असतं. ते झिजवले नाहीत तर तिचंच तोंड बंद व्हायचं, म्हणून सारखं काहीतरी कुरतडत असते, मुळं, कंद, झाडाची साल, आणि हाडं. पोडावरच्या मुलीनं सांगितलं की आम्ही बीळ हाडांवरून ओळखतो, मी सुट्टीच्या दिवशी तिच्या आजोबांबरोबर लांबून बघायला गेले, बिळासमोर बैलाच्या जबड्याचं हाड पडलं होतं आणि त्याच्या कडेला कुणी पटाशीनं ओरखडावं तशा जोडीजोडीनं खाचा होत्या, एकसारख्या, सगळ्या कडेनं. हाडातला चुना तिला लागतो, शिवाय दातही झिजतात. शेजारी दोन काटे पण पडले होते, एक पांढरा-काळा-पांढरा, वीतभर. आम्ही उचलले नाहीत. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, त्यात सायाळीला संरक्षण आहे, हे मी पोरांना तिथंच सांगितलं कारण बाजारात तांत्रिक-मांत्रिक असले काटे मागतात. काटा दारात पुरला की घरात भांडणं लागतात म्हणे. आणि ह्याच काट्याला आपल्याकडं किती मान होता ते बघा, जुन्या गृह्यसूत्रांत, म्हणजे घरच्या संस्कारांच्या ग्रंथांत, सीमंतोन्नयनाच्या संस्कारात गरोदर बाईचा भांग सायाळीच्या काट्यानं पाडायला सांगितलाय, तीन ठिकाणी पांढरा असलेला काटा, त्याला शलली म्हणत. म्हणजे एकीकडं होणाऱ्या लेकराच्या आईच्या डोक्याला लावायचा आणि दुसरीकडं म्हणायचं घर मोडतं.

आणि पतंगाला तोंडच नाही. म्हणजे नावाला आहे पण खाता-पिता येत नाही, पाण्याचा थेंब पण नाही. जे काय खायचं ते अळी असताना खाऊन घेतलेलं. ती हिरवीगार, बोटाएवढी जाड अळी महिना-सव्वा महिना येन, अर्जुन, बोरीची पानं खाते, येन म्हणजे पुस्तकातला ऐन. मग स्वतःभोवती कोष विणते, पारव्याच्या अंड्याएवढा आणि इतका टणक की नखानं दाबून दबत नाही, त्याला रेशमाचाच देठ आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती कडं. पानं गळली तरी कोष लटकलेला राहतो, थंडी गेली, आमच्याकडचा मे महिना गेला तरी आत जीव थांबून असतो. पाऊस पडला की बाहेर. दात नाहीत तर एवढं टणक कवच फोडतो कसा? फोडत नाही, तोंडातून एक रस सोडतो, त्यानं कोषाच्या टोकाचे धागे सुटे होतात आणि तो त्यातून सरकत वर येतो. जिथं सायाळ नुसत्या दातांवर आणि नखांवर जगते, मुरूम असलेल्या जमिनीत बीळ करते, तिथं हा गडी दात नसताना भिंत मऊ करून बाहेर पडतो. पोरांना हे सगळ्यात जास्त आवडलं.

मग आठवडाभरात करायचं एकच काम. मादी बसल्या जागी गंध सोडते, नर त्याच्या त्या पिसासारख्या मिशांनी लांबून तो ओळखतो आणि येतो. तुमच्या फोटोत ह्या मिशा इतक्या स्पष्ट दिसत होत्या की तेवढ्यावरूनच कळायला पाहिजे होतं. फुलपाखराची मिशी काडीसारखी बारीक असते आणि टोकाला गाठ असते. शिवाय चारही पंखांवर गोल डाग आणि डागाच्या मध्ये काचेसारखी खिडकी, त्यातून मागची भिंत दिसते, हा टसरच.

कापूस लावणाऱ्या माणसाला गंधाची ही गोष्ट नवीन नाही, फक्त कुणी जोडून सांगत नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते मराठवाड्यात कुणी विसरलं नसेल, आमच्या घरचा पण कापूस गेला. ती अळी म्हणजे पण पतंगाचंच पिल्लू आणि आपण शेतात कामगंध सापळे लावतो ते मादीच्या ह्याच गंधाची नक्कल करून नर पकडायला. त्यामुळं लोकांच्या मनात पतंग म्हणजे बोंडअळी हे बसलंय, आणि माझं म्हणणं तेवढ्यासाठीच आहे की नाव नीट छापा. पतंगांच्या जगात दीड लाखावर जाती आहेत, त्यातली एक कपाशीची वैरी आहे म्हणून जंगलातला टसर खराट्यानं मारायचा नसतो. विदर्भात भंडारा, गडचिरोलीकडं ऐनावर ह्याच टसरच्या अळ्या राखून लोक संसार चालवतात. आपल्याकडं जालन्याच्या बाजारात कोष विकायला जाणारे शेतकरी आहेत, ते तुतीवरचे, तो पतंग माणसानं पाळून पाळून असा केलाय की त्याला उडता पण येत नाही. त्याचा रानातला लांबचा भाऊ अजून उडतोय आणि आपण त्याला फुलपाखरू म्हणतोय.

सायाळ नुकसान करते हे मी नाकारत नाही. भुईमूग उकरते, मका पाडते, रताळ्याचा वाफा एका रात्रीत खलास करते, ज्याचं शेत जंगलाला लागून आहे त्याला विचारा. त्याची तक्रार खरी आहे आणि तीही छापलीच पाहिजे. पण तिनं माळावर उकरलेल्या खड्ड्यांत पावसाचं पाणी थांबतं, वाऱ्यानं आलेलं बी पडतं आणि रुजतं. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात ह्याच जातीच्या सायाळीच्या खड्ड्यांचा अभ्यास झालाय, तिथं खड्ड्यातली रोपं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जास्त दिसली. आपला बालाघाटाचा माळ काय आणि इकडचा मुरमाड उतार काय, पाणी थांबवणारा एकेक खड्डा मोलाचा आहे. आणि कुंपणाला चोरून करंट सोडतात त्यात सायाळ मरते, रानडुक्कर मरतं आणि माणूसही मरतो, ह्या बातम्या तुम्हीच छापता.

लाईटीचं एक सांगायचं राहिलं. कीर्तनात महाराज सांगतात दिव्याच्या मोहानं पतंग जीव देतो, दृष्टांत म्हणून ठीक आहे. पण २०२४ ला संशोधकांनी हायस्पीड कॅमेरे लावून बघितलं तर असं दिसलं की किडे दिव्याकडं ओढले जात नाहीत, उडताना पाठ उजेडाकडं ठेवायची त्यांची सवय आहे, कारण रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं आणि त्यावरून त्यांना वर-खाली कळतं. दिवा शेजारी आला की पाठ दिव्याकडं वळते आणि मग ते त्याच्याभोवतीच फिरत राहतात, सुटता येत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या व्हरांड्यात एक मादी रात्रभर अशी अडकली, सकाळी बघते तर चुन्याच्या भिंतीवर अंडी घालून ठेवलेली, चपटी, ओळीनं. एक मादी दीड-दोनशे अंडी घालते, त्या भिंतीवर निघालेली एकही अळी येनाच्या पानापर्यंत पोचली नसती. मी पोस्टकार्डानं अलगद खरवडून पोरांना अर्जुनाच्या झाडावर ठेवायला दिली. त्यानंतर जून ते ऑगस्ट व्हरांड्यातला दिवा मी नऊला बंद करते. एकदा बंद केल्यावर बॅटरी खाली धरून बघितलं, भिंतीवरचा पतंग आधी मिनिटभर नुसता थरथरत होता, उडायचे स्नायू गरम करत होता, आणि मग अंधारात निघून गेला.

तर माझी विनंती. माहूरच्या आणि सहस्रकुंडाच्या बाजूच्या गावांत चौकाचौकात हायमास्ट लागलेत, उजेड पाहिजेच, साप-विंचवाचा भाग आहे, पण त्यांना खाली तोंड असलेली टोपी बसवता येते आणि पहिल्या पावसाचे दोन महिने मध्यरात्रीनंतर निम्मे बंद ठेवता येतात, हा विषय तुम्ही लावून धरा, ग्रामपंचायती तुमचं वाचतात. आणि त्या दोन बातम्यांची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, कोपऱ्यात बारीक खुलासा नको. वरच्या बातमीखाली लिहा सायाळ काटे फेकत नाही, लांब उभ्या माणसाला तिचा धोका नाही, बीळ बुजवू नका. खालच्या फोटोखाली लिहा टसर पतंग. सातवीचा वर्ग रोज बघतोय, पेपर आमच्याकडं दुपारी दोनला येतो.

आपली,
एक शिक्षिका
ता. किनवट, जि. नांदेड